बाहेरचा पार्ट बसवला की वॉरंटी जाते का? गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीला बाहेरून हॉर्न बसवला. सर्व्हिस सेंटरमध्ये म्हणतात, "आता तुमची वॉरंटी गेली." खरंच गेली का?

नाही. एका हॉर्नने अख्ख्या गाडीची वॉरंटी जात नाही. "वॉरंटी गेली" हे वाक्य काउंटरवर फार सहज बोललं जातं, कारण तोंडी बोलायला काही लागत नाही. तेच लेखी मागा, म्हणजे सूर बदलतो. खरा प्रश्न दरवेळी एकच असतो: जो भाग बिघडला, तो तुम्ही बसवलेल्या वस्तूमुळे बिघडला का? हॉर्नमुळे हॉर्नचं वायरिंग जळलं, तर तो खर्च तुमचा. पण त्याच गाडीचा एसी कॉम्प्रेसर बंद पडला, तर त्याचा हॉर्नशी काय संबंध, हे नकार देणाऱ्याने सांगायला हवं.

पण पुस्तिकेत तर लिहिलंय की कंपनीचेच पार्ट वापरा?

ते वाक्य पुन्हा एकदा नीट वाचा. बहुतेक पुस्तिकांमध्ये "कंपनीचे पार्ट वापरावेत अशी शिफारस आहे" असं असतं. शिफारस म्हणजे अट नव्हे. पुढे वॉरंटीच्या पानांवर "इतर पार्टमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाणार नाही" असं असतं. हे वाक्य रास्त आहे. दुसऱ्याच्या मालामुळे झालेलं नुकसान कंपनीने का भरावं? वादाचं वाक्य तिसरंच असतं: "इतर कुठलाही पार्ट वापरल्यास वॉरंटी रद्द." ही सरसकट अट अनेक देशांत कायद्यापुढे टिकत नाही.

कोणत्या कायद्यात हे लिहिलंय?

या विषयातला एक जुना आणि स्पष्ट कायदा अमेरिकेचा आहे, १९७५ सालचा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. वॉरंटी चालू ठेवायची तर अमुकच ब्रँडचा पार्ट किंवा अमुकच ठिकाणची सर्व्हिस घ्या, अशी अट कंपनीला घालता येत नाही. ती वस्तू किंवा सेवा कंपनी फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर फेडरल ट्रेड कमिशनकडून (तिथली व्यापार नियामक संस्था) खास सूट मिळवावी लागते, आणि त्यासाठी आमची वस्तू दुसऱ्या पार्टवर नीट चालतच नाही हे पटवून द्यावं लागतं. २०१५ मध्ये याच कमिशनने बीएमडब्ल्यूच्या मिनी विभागावर अशाच अटीच्या आरोपावरून कारवाई केली आणि प्रकरण तडजोडीच्या आदेशाने मिटलं. २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनच्या बाबतीत तर आदेश असा होता की, बाहेरचे पार्ट वापरल्याने किंवा बाहेर दुरुस्ती केल्याने वॉरंटी रद्द होणार नाही, हे वॉरंटीच्या मजकुरातच लिहा.

युरोपीय संघात हा विषय स्पर्धा कायद्याखाली येतो. २०१० च्या ४६१ क्रमांकाच्या नियमाने पार्ट पुरवठादारांना आपला माल स्वतंत्र गॅरेजांना विकण्याची मोकळीक राखली. शिवाय विक्रेत्यावर निदान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष गाडी हातात आली तेव्हापासूनच होता, असं धरलं जातं. ऑस्ट्रेलियात २०११ पासूनच्या ग्राहक कायद्याने दिलेल्या हमी कुठल्याही कागदावर सही घेऊन काढून घेता येत नाहीत.

भारतात स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती फक्त आपल्याच जाळ्यात अडकवून ठेवल्याचं ते प्रकरण. त्यात एक ओळ आपल्या कामाची आहे: ग्राहक स्वतंत्र गॅरेजकडे गेला म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी. या आदेशावर पुढे अपिलं झाली, त्यामुळे नुसता आदेश नाचवून काम होईल असं समजू नका. पण तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक करारांविरुद्धही दाद मागता येते.

संबंध आहे की नाही, हे सिद्ध कोणी करायचं?

तत्त्वतः ज्याने क्लेम नाकारला त्याने. व्यवहारात गाडी त्यांच्या आवारात उभी असते, स्कॅनर त्यांचा आणि घाई तुम्हाला असते. म्हणून कुठे वाद घालायचा आणि कुठे नाही, हे आपल्यालाच कळलेलं बरं. एक उदाहरण सविस्तर बघू.

हेडलाइटमध्ये मूळ ६०/५५ वॉटचा हॅलोजन बल्ब होता. उजेड कमी पडतो म्हणून १००/९० वॉटचा टाकला. १२ व्होल्टवर ६० वॉट म्हणजे ५ अँपिअर, १०० वॉट म्हणजे ८ च्या वर. वायर, कप्लर (वायर जोडायचा प्लग) आणि स्विच मात्र ५ च्या हिशेबाने दिलेले. काही महिन्यांत बल्बच्या होल्डरचं प्लास्टिक तपकिरी पडतं, कप्लरमधली पिन सैल होते, रिफ्लेक्टरला पिवळट झाक येते. अशा हेडलाइटचा क्लेम नाकारला तर भांडू नका. हेडलाइटचा स्विच जळाला तरी नाही. पण त्याच आठवड्यात पॉवर स्टीअरिंगची मोटर गेली, आणि ॲडव्हायझर म्हणाला "वायरिंगला हात लावलाय, काही मिळणार नाही", तर तिथे थांबा. विचारा: कुठल्या वायरला? स्टीअरिंगच्या मोटरला सहसा स्वतःचा जाड फ्यूज आणि स्वतःची लाइन असते. ही दोन सर्किट नेमकी कुठे एकमेकांना मिळतात, ते वायरिंगच्या आकृतीवर दाखवा, आणि दाखवता येत नसेल तर तसं जॉब कार्डवर लिहा. शांतपणे विचारलेला हा एक प्रश्न दहा मिनिटांच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त काम करतो.

वायर कापली तर वॉरंटी जाते आणि कप्लरने जोडली तर राहते, असं म्हणतात. खरं आहे का?

कायद्यात असं कुठे लिहिलेलं नाही, पण सल्ला म्हणून उत्तम आहे. मूळ वायर सोलून, पीळ मारून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड उन्हाने आणि ओलाव्याने सैल होतो. मग त्या हार्नेसवरच्या, म्हणजे वायरांच्या जुडग्यावरच्या, कुठल्याही बिघाडाचं बोट तुमच्या जोडाकडे दाखवलं जातं, आणि बहुतेकदा ते बोट बरोबरही असतं. कप्लरवर बसणारा रिले हार्नेस (रिले म्हणजे इशारा मिळताच मोठा करंट सोडणारा स्विच) करंट सरळ बॅटरीकडून घेतो, मूळ वायर फक्त रिलेला इशारा देते. वस्तू काढली की गाडी जशी होती तशी. डॅशकॅमसाठीही हेच: फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून वेगळी लाइन देणारा जोड) घ्या, त्याचा फ्यूज योग्य अँपिअरचा ठेवा, आणि पार्किंग मोड रात्रभर बॅटरी पीत असेल तर बॅटरीचा क्लेम घेऊन जाण्याआधी विचार करा.

इंजिन ऑइल आणि फिल्टर बाहेरून घेतले तर चालतील का?

चालतील, जर ते पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे असतील. कंपनीला मागता येते ती प्रत: व्हिस्कॉसिटी (ऑइलचा घट्टपणा) आणि एपीआय किंवा एसीईए यांसारखं मानक. डब्यावरचं नाव नव्हे. काही कंपन्या स्वतःचं मानक देतात, तेव्हा डब्यावर त्या मानकाचा क्रमांक छापलेला आहे का ते बघा. "सगळ्या गाड्यांना चालतं" हे दुकानदाराचं म्हणणं पुरावा होत नाही.

ऑइल फिल्टर छोटा दिसतो, पण इंजिनाच्या क्लेममध्ये सगळ्यात जास्त छळतो. त्यात एक झडप ऑइल परत खाली वाहू देत नाही. फिल्टर तुंबला तर दुसरी बायपास उघडते. स्वस्तातल्या नकली फिल्टरमध्ये यातली एखादी नसते किंवा चुकीच्या दाबाला उघडते. बेअरिंग ऑइलअभावी घासली गेली तर पहिली नजर तिथेच जाणार. एअर फिल्टरचं तसंच: ऑइल लावायचा धुण्याजोगा फिल्टर जास्त ओला राहिला, तर ऑइलची वाफ हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसते. सेन्सरचा क्लेम मग अवघड.

दरवेळी बिल घ्या, आणि बिलावर तारीख, किलोमीटर आणि पार्ट नंबर लिहून घ्या. "ऑइल चेंज" एवढ्याच दोन शब्दांच्या बिलाचा काही उपयोग नाही.

ओरिजिनल, ओईएम, आफ्टरमार्केट, डुप्लिकेट... यात फरक काय?

गाडी कंपनी बहुतेक सुटे भाग स्वतः बनवत नाही. बॉश, डेन्सो, व्हॅलिओ यांच्यासारखे पुरवठादार ते बनवतात. तोच भाग गाडी कंपनीच्या खोक्यात आला की "जेन्युइन", पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यात आला की ओईएम किंवा ओईएस. माल बहुधा सारखाच. स्वतंत्र कंपनीने आपल्या आराखड्याने बनवलेला तो आफ्टरमार्केट. त्यात उत्कृष्टही असतात आणि भंगारही. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव लावून विकलेला नकली माल. त्याची बाजू कुठलाच कायदा घेत नाही.

मोठे टायर आणि अलॉय व्हील बसवायचे आहेत.

बसवा, पण गणित करून. १८५/६५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ६२१ मिमी. १९५/६५ आर १५ घेतला तर ६३४ मिमी, म्हणजे जवळपास २ टक्के मोठा. स्पीडोमीटर १०० दाखवताना गाडी १०२ च्या आसपास धावेल. एवढ्याने सहसा काही बिघडत नाही. त्यापुढे दोन-तीन मापं उड्या मारल्या, किंवा रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) बदलून चाक बाहेरच्या बाजूला सरकवलं, की व्हील बेअरिंग, स्टीअरिंग रॅक आणि सस्पेन्शन यांवरचा भार बदलतो. या भागांचा क्लेम अडू शकतो. इंजिनाचा, इन्फोटेनमेंटचा किंवा रंगाचा अडू नये.

नव्या गाडीच्या टायरची आणि बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा त्या टायर किंवा बॅटरी कंपनीकडे असते. तिथे गाडी कंपनीशी भांडून वेळ जातो.

ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रीमॅप केला, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदललं, किंवा ट्यूनिंग बॉक्स (ताकद वाढवणारा बाहेरून जोडायचा डबा) लावला तर?

इथे मी गाडीमालकाची बाजू घेणार नाही. रीमॅपमध्ये टर्बोचा दाब, इंधनाचं प्रमाण, टॉर्कची मर्यादा बदलते. म्हणजे इंजिन, टर्बो, क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट अशी सगळी साखळी ठरवलेल्यापेक्षा जास्त ओढली जाते. या साखळीतलं काहीही गेलं, तर संबंध दाखवायला कंपनीला फार कष्ट पडत नाहीत. रीमॅप करायचा असेल तर पॉवरट्रेनची वॉरंटी आपण सोडली, असं धरून करा. खिडकीची मोटर, एसी, रंग, सीट यांची वॉरंटी तरीही शाबूत राहायला हवी. ती नाकारली तर जरूर भांडा.

धूर नियंत्रणाच्या यंत्रणेला हात लावणं हा वॉरंटीच्या पलीकडचा विषय आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) पोकळ करणं, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करणं अनेक देशांत बेकायदा आहे. अमेरिकेत कन्व्हर्टर आणि ईसीयूला ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची वेगळी वॉरंटी कायद्यानेच मिळते. ती हातची घालवण्यात शहाणपण नाही.

सर्व्हिसला नेण्याआधी मूळ मॅप परत टाकला, तर त्यांना कळणार कसं?

कळतं. गाडी किती वेळा फ्लॅश झाली, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने भरलं गेलं, याचा आकडा अनेक ईसीयूंमध्ये राहतो. सॉफ्टवेअरची ओळख पटवणारा सीव्हीएन नावाचा तपासणी क्रमांक असतो. फॅक्टरीच्या क्रमांकाशी तो जुळला नाही की विषय संपला. फोक्सवॅगन समूहाच्या यंत्रणेत अशा गाडीवर टीडी१ हा शेरा पडतो आणि तो मग कुठल्याही डीलरच्या पडद्यावर दिसतो. ट्यूनिंग बॉक्स काढून ठेवला तरी बिघाडाच्या क्षणीचे आकडे फ्रीझ-फ्रेममध्ये साठलेले असतात, आणि तिथे टर्बोचा दाब फॅक्टरीच्या मर्यादेबाहेर दिसला तर बोलायला काही उरत नाही. लपवलेलं सापडलं की, ज्या क्लेममध्ये तुमची बाजू खरी होती तोही संशयात जातो.

सीट कव्हरसारख्या साध्या गोष्टींनी काय होणार?

वॉरंटीपेक्षा जिवाचा प्रश्न होऊ शकतो. साइड एअरबॅग सीटच्या कडेत असेल, तर ती कव्हरच्या शिवणीतून फाटून बाहेर यावी लागते. जाड, घट्ट शिवलेलं कव्हर ती अडवतं. एअरबॅगसाठी खास शिवण असलेलंच कव्हर घ्या. पुढच्या बंपरवर लोखंडी गार्ड लावला तर धडकेचा जोर सरळ चॅसीवर जातो, आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडू शकतं. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीची पुढची काच बाहेर बदलली, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून त्याचा रिपोर्ट घ्या. तो नसेल तर लेन असिस्टचा (गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं.

गाडीखाली मारायचं गंजरोधक कोटिंग हा असाच निरुपद्रवी वाटणारा प्रकार. मारणाऱ्याने दारांच्या आणि सिलच्या निचऱ्याची भोकं बुजवली, तर पाणी आतच साठतं आणि गंज आतून धरतो. गंजाची वॉरंटी अशा वेळी हमखास अडते.

डीलरनेच बसवून दिलेल्या ॲक्सेसरीचं काय?

शोरूममध्ये बसवलं म्हणजे कंपनीचं, असं नसतं. डीलर बाहेरचा मालही बसवतो. तो कुठल्या कंपनीचा आहे आणि वॉरंटी कोणाची, हे गाडीच्या बिलावरच लिहून घ्या. तसं लिहिलेलं असेल, तर पुढे "बाहेरचं काम" म्हणून तुमच्याकडे बोट दाखवता येत नाही. ज्याने बसवलं त्याचंच बिल तुमच्या हातात असतं.

एक्स्टेंडेड वॉरंटीलाही हेच नियम?

सावध. ती पुष्कळदा विम्यासारखा वेगळा करार असते, कधी तर तिसऱ्याच कंपनीचा. तिच्या अटी कडक असतात: सर्व्हिस ठरलेल्या किलोमीटरला, ठरलेल्या ठिकाणी, एकही न चुकवता. पैसे भरण्याआधी वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. विकणारा ती स्वतःहून वाचून दाखवणार नाही.

बाहेरचा पार्टच खराब निघाला आणि त्याने गाडीचं नुकसान केलं, तर?

गाडी कंपनी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. दावा पार्ट बनवणाऱ्यावर किंवा चुकीचा बसवणाऱ्यावर. चांगल्या कंपन्या आपल्या वॉरंटीत नुसता पार्ट बदलून देणार की त्यामुळे झालेलं नुकसानही भरणार, हे स्पष्ट लिहितात. बसवणाऱ्याचं मजुरीचं बिल वेगळं घ्या, कारण ते दोघं एकमेकांवर ढकलणार हे ठरलेलं. आणि काढलेला मूळ पार्ट फेकू नका.

क्लेम नाकारलाय. आता काय करू?

आधी कारण लेखी घ्या: कोणता भाग बिघडला, कशामुळे, आणि तुमच्या कोणत्या पार्टशी त्याचा काय संबंध. जॉब कार्डची प्रत, स्कॅनरवर आलेले कोड आणि फोटो मागा. ॲडव्हायझर नुसतं "वरून रिजेक्ट झालं" म्हणेल, आणि ते खरंही असतं, कारण डीलरला पैसे गाडी कंपनीकडून मिळतात आणि शंका असेल तिथे निर्णय कंपनीचा माणूस घेतो. म्हणून डीलरशी वाद वाढवण्याऐवजी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. ईमेल लहान ठेवा, त्यात चेसिस नंबर, किलोमीटर, तारखा आणि सर्व्हिसची बिलं असू द्या. संताप नको.

एक चूक मात्र अनेकांची होते. घाईत गाडी उघडून दुरुस्त करून घेतात आणि बिघडलेला भाग भंगारात जातो. पुरावाच गेला. दुरुस्ती थांबवणं शक्य नसेल, तर उघडण्याआधी स्वतंत्र तज्ज्ञाकडून पाहणी आणि फोटो करून घ्या आणि जुना भाग लेखी मागून ताब्यात घ्या.

तरीही नकारच आला, तर ग्राहक आयोग किंवा त्या देशातली नियामक संस्था. भारतात १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आयोग गरज पडल्यास वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. जपून ठेवलेला भाग तिथे कामाला येतो.

विम्यावर परिणाम होतो का?

तो वेगळा करार आहे. वॉरंटी शाबूत आहे म्हणून विमा शाबूत, असं नाही. महागडी म्युझिक सिस्टिम, अलॉय, गॅस किट असे बदल विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या. इंधनाचा प्रकार बदलणारा किट असेल, तर नोंदणी पुस्तकातही नोंद लागते.

वॉरंटी संपून महिनाच झालाय, कंपनी "गुडविल"मध्ये अर्धा खर्च देते म्हणतात. बाहेरचे पार्ट बघून नाकारलं तर?

तिथे हक्क नाही. गुडविल म्हणजे कंपनीची मर्जी. सर्व्हिसचा इतिहास स्वच्छ असेल तर मर्जी लवकर होते, एवढंच.

जुनी गाडी घेतली, वॉरंटी शिल्लक आहे. आधीच्या मालकाने काय केलंय ते माहीत नाही.

वॉरंटी सहसा गाडीबरोबर येते. काही कंपन्यांना मात्र नाव बदलल्याची नोंद ठरावीक दिवसांत हवी असते, ते विचारा. व्यवहाराआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर देऊन वॉरंटी चालू आहे का आणि गाडीवर काही शेरा आहे का, हे लेखी घ्या. रीमॅपचा शेरा निघाला, तर तो पुसून मिळणार नाही. त्या हिशेबाने किंमत पाडा, नाहीतर दुसरी गाडी बघा.